घरची प्रार्थना बंद का पडते? या चुका टाळा

नाताळ आटोपला की मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी दोन संकल्प हमखास ऐकू येतात. यंदा पूर्ण बायबल वाचून काढायचं, आणि यंदा घरात रोज प्रार्थना करायची. होळी येईपर्यंत दोन्ही थंडावलेले असतात. संडे स्कूलला शिकवत असल्यामुळे हे मला पाळकसाहेबांच्याही आधी कळतं, कारण मुलं काही लपवत नाहीत. "टीचर, आमच्याकडे आता नाही होत," असं सरळ सांगून मोकळी होतात.

मोठ्यांना विचारावं तर एकच उत्तर, वेळ नाही. मला ते फारसं पटत नाही. त्याच घरात कॉटेज प्रेयरला, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, वेळ असतो, कमिटीच्या मीटिंगला असतो, मोबाईलला तर असतोच. बिघाड बहुतेक वेळा दुसरीकडे असतो, आणि तो दुरुस्त होण्यासारखा असतो.

उत्पत्तीपासून सुरुवात, लेवीयात मुक्काम

बायबलात एकूण १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. पहिल्या पुस्तकाचे, उत्पत्तीचे ५०, दुसऱ्या पुस्तकाचे, निर्गमाचे ४०. म्हणजे जानेवारी सरता सरता माणूस तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात पोचतो आणि होमार्पणं, अन्नार्पणं, कुष्ठाचे नियम यांत अडकतो. निर्गमाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, मापांनी दम आधीच काढलेला असतो. मग एक दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी साडेसहा अध्याय अंगावर येतात, आणि आठवड्याभरात बायबल परत कपाटात जातं.

लेवीय वाचू नये असं नाही. पण घरातल्या सगळ्यांसाठी तिथून सुरुवात करू नये. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या आयुष्याची गोष्ट, घ्या. १६ अध्याय आहेत, रोज अर्धा वाचला तर महिन्याभरात होतं, आणि गोष्ट इतकी वेगानं पळते की आठ वर्षांचं पोरही "पुढे काय झालं?" विचारतं. नंतर फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्याय. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, तेव्हा तारखेप्रमाणे त्या दिवसाच्या अध्यायातल्या पाच-सहा ओळी घेता येतात. त्यात खूण ठेवण्याचीही कटकट नाही. एक दिवस बुडाला तर बुडाला. कालचं आज भरून काढायला बसू नका, त्या हिशेबानंच माणूस थकतो.

देवाच्या कामात घर राहून जाणं

ही चूक सगळ्यात मोठी, आणि तिला चूक म्हणायचीच कोणाची हिंमत होत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्याकडचा एक साधा रविवार बघा. सकाळची उपासना, त्याआधी क्वायरची प्रॅक्टिस. उपासनेनंतर संडे स्कूल, मग मंडळीचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी. दुपारी दोनला घरी. संध्याकाळी मोहननगरात कोणाकडे तरी कॉटेज प्रेयर. ती साडेसातची आठला सुरू होणार, साक्षी, म्हणजे देवाचे आलेले अनुभव सांगणं, लांबणार, मग चहा-पोहे झाल्याशिवाय उठता येत नाही. घरी यायला साडेदहा. मुलं आजीजवळ झोपलेली. आता डिसेंबर घ्या. कॅरल राउंड, महिला मंडळाचा कार्यक्रम, तरुण संघाचं नाटक, स्टार लावणं, केक. नागपूरच्या त्या थंडीत वडील रात्री बारापर्यंत कॅरलवाल्यांच्या गाडीत, आणि घरी सहामाहीचा निकाल सहीविना दप्तरात.

हे सगळं करणारा माणूस स्वतःला आळशी समजत नाही, आणि तो आळशी नसतोच. देवासाठीच करतोय असं त्याला मनापासून वाटतं. मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूशी आणि शास्त्री या त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना नेमकं याच जागी पकडतो. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं एकदा जाहीर केलं की मुलगा आईबापांच्या जबाबदारीतून मोकळा, अशी त्यांची रीत होती. तुम्ही अशानं देवाचं वचनच रद्द करता, असं तो त्यांना सुनावतो. मला या उताऱ्यात सगळ्यात टोचतं ते हे, की घराकडे पाठ फिरवणं इथे घरगुती उणीव म्हणून मोजलेलं नाही, ते वचन मोडणं ठरलं आहे. शास्त्र आधी की कुटुंब आधी, हा वाद आपण उगाच घालतो. त्या उताऱ्यात दोघं एकाच बाजूला आहेत आणि समोर उभी आहे ती धार्मिक धावपळ.

जुन्या करारातल्या एली याजकाचंही, म्हणजे पुरोहिताचंही, तेच. शिलो इथे देवाच्या मंदिरात आयुष्य गेलं आणि हफनी-फिनहास हे त्याचेच दोन मुलगे तिथेच बिघडले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रेषित पौल मंडळीच्या अध्यक्षाची लायकी सांगताना विचारतो की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार? कमिटीची निवडणूक असते तेव्हा हा अध्याय कोणी वाचत नाही, हा भाग निराळा!

उपाय कडू आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ अशी ठरवा की त्या दिवशी मंडळीचं कुठलंही काम घ्यायचं नाही, अगदी पाळकांनी फोन केला तरी. नवरा-बायको दोघंही जबाबदाऱ्यांवर असतील तर एकानं वर्षभरासाठी एक पद सोडावं. लोक नाराज होतील, होऊ द्या. दुसरं कोणी तरी ते काम करतं, आणि कधी कधी आपल्यापेक्षा बरं करतं. कॉटेज प्रेयर ठेवणाऱ्यांनाही विनंती आहे. वेळेवर सुरू करा, नऊच्या आत संपवा आणि खाण्याचा घाट घालू नका.

प्रार्थनेचं प्रवचन होणं

मुलं पेंगतात, चुळबुळ करतात, "पाणी पिऊन येतो" म्हणून जातात ते येतच नाहीत. दहातल्या नऊ घरांत कारण एकच असतं. वडील किंवा आजोबा वाचतात आणि मग समजावत बसतात. घरच्या प्रार्थनेला दहा मिनिटं पुष्कळ झाली. एक गीत, आठ-दहा ओळी वचन, एक-दोन वाक्यं कोणाला सुचली तर, आणि प्रार्थना. वाचायची पाळी रोज बदला. मुलांच्या प्रार्थनेत गणिताचा पेपर आणि आजारी कुत्रं आलं तर येऊ द्या, मध्येच सुधारू नका.

वेळेचा प्रश्न नागपुरात ऋतूप्रमाणे बदलतो हेही लक्षात घ्या. हिवाळ्यात रात्रीच्या जेवणानंतर ठीक. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की रात्री हॉलमधला डेझर्ट कूलर बंद करवत नाही, आणि त्याच्या घरघरीत आजीचं वाचन कोपऱ्यातल्या नातवापर्यंत पोचत नाही. तो ऐकत नाही म्हणून ओरडा खातो, वास्तविक त्याला ऐकूच येत नसतं. दहा मिनिटं कूलर बंद केला तर सगळ्यांचं लक्ष घामाकडे. उन्हाळ्यात प्रार्थना सरळ पहाटे हलवा. साडेपाचला गच्चीवर हवा बरी असते, मुलं तिथेच झोपलेली असतात. उठवा आणि अंथरुणातच बसवा.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट असेल, रेल्वेत किंवा नर्सिंगमध्ये नाईट ड्युटी असेल, तर सगळे एकत्र येण्याची वाट पाहत बसू नका. घरात असतील तेवढ्यांनी करायची. ड्युटीवरच्या माणसाला तो उतारा कळवून ठेवा, त्याला रिकामी पाच मिनिटं मिळाली की तो वाचेल. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितली आहेत ती घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. शाळेत सोडताना गाडीवरचं बोलणंही त्यात येतं.

वचनाची छडी करणं

इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली पहिली ओळ ख्रिस्ती घरातल्या प्रत्येक पोराला पाठ असते, आईबापांच्या आज्ञेत राहा. चौथी ओळ बापांसाठी आहे, मुलांना चिडीस आणू नका. ती फार कमी घरांत मोठ्यानं वाचली जाते. भांडण चालू असताना बायबल उघडायचं नाही, हा नियम मी तर सगळ्यांना सांगते. सून उशिरा उठली म्हणून त्या दिवशी मुद्दाम नीतिसूत्रांचा ३१वा अध्याय, पहाटे उठणाऱ्या सद्गुणी स्त्रीचा, निघाला, तर ती बिचारी तो अध्याय जन्मभर नीट वाचू शकणार नाही.

याच्याच जवळची गोष्ट, घरात सगळे विश्वासी नसतात. नवऱ्याकडचे बौद्ध किंवा हिंदू, किंवा एकट्या बायकोनंच बाप्तिस्मा घेतलेला, अशी घरं आपल्या शहरात कमी नाहीत. तिथे रोज प्रार्थनेला बसण्याचा आग्रह, बसला नाही की अबोला, हे चुकतं. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय अशा स्त्रियांना न बोलता, वागण्यातून जिंकायला सांगतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर काही वर्षांनी घेतला, तोही त्यांचं त्यांना उमगल्यावर. सासूबाईंच्या पथ्याचं जेवण वेळेवर झालं नाही आणि सून दार लावून दोन तास प्रार्थनेत, तर त्या घरात साक्ष काय उरते?

'आमच्याकडे असं नसतं'

२९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना इथेच नागपुरात झाली, सहा निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या. ऐक्य कागदावर झालं, पण घराघरांतल्या पद्धती राहिल्या. एकाच्या घरी छापील प्रार्थना, दुसरीकडे डोळे मिटून मनची. एक गुडघे टेकणार, दुसरा उभा राहणार. नव्या जोडप्यांची घरची प्रार्थना यावरून मोडलेली मी पाहिली आहे, आणि विचारलं तर दोघंही म्हणणार, "वेळच नाही मिळत." एक दिवस त्याची पद्धत, एक दिवस तिची. मुलांना दोन्ही येतील.

बारीकसारीक बिघाड

स्टेटसला वचन टाकणं म्हणजे वाचणं नव्हे. सकाळी चार ग्रुपवर फॉरवर्ड करणाऱ्याला दुपारी विचारा, कुठला अध्याय होता? मोबाईलमधलं बायबल वाईट नाही, पण प्रार्थनेच्या वेळी मध्येच क्रिकेटचा स्कोअर टपकतो. निदान त्या दहा मिनिटांसाठी छापील प्रत हातात घ्या.

इंग्रजी शाळेतल्या मुलांना जुन्या मराठी बायबलची भाषा जड जाते आणि देवनागरी अडखळत वाचल्यावर भावंडं हसतात, म्हणून ती वाचायलाच नकार देतात. त्यांना सोप्या मराठीतली किंवा हिंदी प्रत द्या. आजी जुन्या प्रतीतून दोन ओळी वाचेल, नातू आपल्या प्रतीतून त्याच ओळी वाचेल.

बोर्डाची परीक्षा आली की काही घरं प्रार्थना बंद ठेवतात, काही घरं लांबवतात. दोन्ही नको, पाच मिनिटांवर आणा.

आणि पाहुणे. ऐन प्रार्थनेच्या वेळी कोणी आलं की आपण संकोचून बेत रद्द करतो. "दहा मिनिटं आम्ही प्रार्थनेला बसून राह्यलो, तुम्हीही बसा," एवढं सांगायला काही हरकत नाही. कोणत्याही धर्माचे असोत, माणसं सहसा शांत बसतात, कधी स्वतःहून आजाऱ्याचं नाव सांगतात. पोळ्या मात्र प्रार्थना झाल्यावरच लाटायला घ्या, नाहीतर स्वयंपाक करणारीचं सगळं लक्ष तव्याकडे.