गंगापूर धरणाचं पाणी वर्गात मोजताना

उपग्रहाची चित्रं दाखवायची म्हटलं की बहुतेक वर्गांत पृथ्वीचा गोळा फिरवतात आणि झूम करत शाळेच्या छतापर्यंत येतात. मुलं खूश होतात, पण भूगोल तिथेच राहतो. त्यापेक्षा नाशिकच्या आठवी-नववीला एकच काम द्या: गंगापूर धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर किती पसरलेलं असतं आणि मे अखेरीस किती उरतं, ते कागदावर मोजायचं. दोन तासिका पुरतात.

चित्रं कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय संकेतस्थळावर फुकट मिळतात. छपाईसाठी मोफत खातं आधीच उघडून ठेवा आणि चित्रं घरूनच उतरवून आणा. शाळेच्या नेटवर विसंबू नका. तिथे सेंटिनेल-2 हा उपग्रह आणि एल2ए, म्हणजे हवेचा परिणाम काढून टाकलेली चित्रं, निवडा. एक तारीख ऑक्टोबर अखेरची, दुसरी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. जूनपर्यंत थांबलात तर ढग येतात. ढगांचा टक्का बघून चित्र नाकारू नका. तो साधारण 110 किलोमीटर लांबी-रुंदीच्या अख्ख्या तुकड्याचा असतो, त्यामुळे 30 टक्के ढग असूनही धरण स्वच्छ दिसू शकतं.

रंगांसाठी 'फॉल्स कलर' घ्या. त्यात डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवतात. हिरवी पानं तो भरपूर परत फेकतात, म्हणून पीक लालभडक दिसतं. पाणी तो शोषतं, म्हणून काळं. हे आधी सांगितलं नाही तर लाल शेत बघून कुणीतरी 'आग लागली' म्हणणारच. ऑक्टोबरच्या चित्रात निफाड-दिंडोरीकडे लाल रानात मधेच फिकट तुकडे दिसले, तर द्राक्षवाल्यांच्या घरची मुलं छाटणीचं नाव आपणहून काढतील. मात्र वेलींच्या ओळी शोधायला लावू नका. चित्राचा एक ठिपका 10 मीटरचा आणि दोन ओळींमधलं अंतर जेमतेम 9 फूट.

आता मोजणी. दोन्ही चित्रं एकाच झूमवर, प्रमाणपट्टीसकट ए-4 वर आडवी छापा. छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर एक चित्र किंचित ताणलं जातं आणि सगळा हिशोब चुकतो. तरीही विश्वास ठेवू नका. कागदावरची पट्टी फूटपट्टीने मोजाच. 1 किलोमीटरची पट्टी 2 सेंमी भरली तर प्रमाण 1:50,000, म्हणजे स्थलनिर्देशक नकाशाचंच, आणि 1 चौरस सेंमी म्हणजे 25 हेक्टर. पट्टी 1.6 सेंमी भरली तर 1 चौरस सेंमीचे 39 हेक्टर. हा हिशोब मुलांनीच फळ्यावर करावा.

ट्रेसिंग पेपरवर पाण्याची कड काढा, तो आलेखकागदावर ठेवा आणि चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त भरलेला चौकोन धरा, कमी असेल तो सोडा. पाच-सहा जणांचा एक गट, प्रत्येक गटाचा आकडा फळ्यावर. आकडे जुळणार नाहीत आणि ते बरंच आहे. फरक उथळ कडेवरच पडलेला असतो, कारण तिथे पाणी आणि ओला गाळ यांची सीमा धूसर असते.

मग दोन्ही ट्रेसिंग एकमेकांवर ठेवा. भिंतीकडची सरळ कड फारशी हललेली नसेल. वरच्या अंगाचे, पश्चिमेचे फाटे मात्र आटलेले दिसतील. उतार मंद असला की पाणी थोडं खाली गेलं तरी कड लांब सरकते. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, शिकवायला याहून चांगली वेळ सापडणार नाही. एक खबरदारी: हे क्षेत्रफळ आहे, साठा नाही. पसारा निम्मा झाला म्हणजे पाणी निम्मं उरलं असं लिहू देऊ नका. शिवाय वरच्या काश्यपी आणि गौतमी गोदावरी धरणांतून पाणी सोडलं असेल, तर उन्हाळ्यातही पसारा वाढू शकतो.

काळं दिसलं की पाणी, हा नियम तीनदा फसतो. ढगाची सावली काळीच असते. सूर्याच्या बाजूला, म्हणजे ऑक्टोबरच्या चित्रात आग्नेयेला आणि मेच्या चित्रात पूर्वेला, ढग सापडला की उलगडा होतो. हिवाळ्यात डोंगरांच्या वायव्य अंगाला सावली पडते, तीही तळ्यासारखी दिसते. निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर जलाशयात याच्या उलट: पाणवेली पसरली असेल तर पाणी असूनही चित्र लाल, म्हणजे शेतासारखं.

डिसेंबरचं त्र्यंबकचं चित्र मात्र मुद्दाम दाखवा. ब्रह्मगिरी आणि अंजनेरी अनेकांना खोल खड्ड्यांसारखे दिसतील. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास जातो, तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. चित्रात उत्तर वर, म्हणजे उजेड खालून आलेला. आपल्या डोळ्यांना मात्र उजेड वरून येण्याची सवय. कागद उलटा, दक्षिण वर करून धरायला सांगा. डोंगर उठून उभे राहतात.