एकमेव म्हणता? मग आधी सीट उचलूया

‘जगात एकच आहे’ असं सांगून दाखवलेल्या जुन्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्या. त्यातल्या काही खरंच एकच होत्या. बाकीच्याही एकच होत्या म्हणा, कारण तीन गाड्यांचे तुकडे जोडून केलेली चौथी गाडी जगात दुसरी कुठून असणार?

अशी गाडी बघायला जाताना माझ्या पिशवीत बॅटरी, दांडीचा छोटा आरसा, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुना टूथब्रश आणि वही असते. पहिला अर्धा तास दिवे, क्रोम, बोनेटवरची मूर्ती यांच्याकडे बघायचंच नाही. हा नियम मी ठेच खाऊन केला. १९२०च्या दशकातली म्हणून एक उघडी टूरर दाखवली होती. तिच्या पितळी दिव्यांत मी असा रमलो की मनातल्या मनात गाडी घेऊनही टाकली. दुसऱ्या भेटीत सीटखालची फळी उचलली, तर एकूण एक स्क्रू स्टारचा. फिलिप्सचा हा स्क्रू मोटारींत आला १९३६च्या सुमारास, कॅडिलॅकपासून. त्याआधी सगळा कारभार सरळ खाचेच्या स्क्रूंचा.

एखाददुसरा स्टार स्क्रू दिसला म्हणून बिचकू नका. इतक्या वर्षांत कुणी ना कुणी हात लावलेला असणारच. पण लाकूड कोरं, स्क्रू नवे आणि जुन्या स्क्रूंची रिकामी भोकंही कुठे नाहीत, असं असेल तर ते लाकूडकाम त्या काळातलं नव्हे.

सीटखाली आणि दारांच्या अस्तरामागे एवढा वेळ घालवायचा तो एका कारणासाठी. त्या काळी बड्या गाड्यांचा कारखाना बहुधा चॅसी, म्हणजे चाकांवरचा तळाचा सांगाडा, आणि इंजिन देई, आणि बॉडी कोचबिल्डर, म्हणजे बॉडी बांधणारे कारागीर, वेगळी बांधत. आत ॲश लाकडाचा सांगाडा, वर हातानं ठोकून वळवलेला पत्रा. एका गाडीचं दार दुसरीला बसत नसे, म्हणून कारागीर सुट्या भागांवर नंबर टाकून ठेवत. दाराचं अस्तर हलक्या हातानं काढा आणि मागची फळी कोरड्या ब्रशनं झटका. ओलं फडकं लावू नका, पेन्सिलचं अक्षर जातं. एका सलूनच्या, म्हणजे बंद छताच्या चारदारी गाडीच्या, चारही दारांमागे मला एकच आकडा मिळाला होता. डाव्या बाजूच्या मागल्या दारावर तो आधी उलटा पडलेला, मग खोडून खाली पुन्हा लिहिलेला. असली चूक नक्कल करणाऱ्याला सुचत नाही. मी तिथेच मांडी घालून बसलो आणि मालकाकडे पाणी मागितलं.

लोहचुंबक मडगार्डांच्या कडेनं आणि दारांच्या खालच्या भागावर फिरवायचं. पकड सुटली की आत पुट्टी जाड आहे. सगळीकडेच धरत नसेल तर पत्रा ॲल्युमिनियमचा असेल, उगाच आरोप करू नका.

चॅसी खरी आहे का आणि बॉडी खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बुगाटी रोयालची ४११११ नंबरची चॅसी घ्या. आर्मां एस्देर या गृहस्थासाठी तिच्यावर उघडी रोडस्टर बॉडी चढली होती, तीही हेडलाइटशिवाय, कारण त्यांना रात्री गाडी चालवायचीच नव्हती. पुढे ती बॉडी उतरवून बिंदेर या कोचबिल्डरची कूपे बॉडी बसवली गेली. चॅसी तीच, गाडी दुसरी. त्या रोडस्टरची नंतर बनवलेली प्रतिकृती फ्रान्समधल्या म्युलूझच्या संग्रहालयात आहे, आणि ती प्रतिकृती म्हणूनच ठेवलीय. भांडण लपवाछपवीशी आहे, प्रतिकृतीशी नाही.

नंबरांबद्दल थोडक्यात. गाडीचा १७ अक्षरी ओळख-नंबर (व्हीआयएन) अमेरिकेत १९८१पासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली तऱ्हा. ठोकलेल्या आकड्यांभोवती कानशीचे ओरखडे आहेत का, ते बॅटरी आडवी धरून बघा. ओतीव भागांवर तारीखही सापडते. जनरल मोटर्सच्या कित्येक इंजिनांवर ‘सी १४ ७’ असं काही असतं, म्हणजे सातने संपणाऱ्या वर्षातला १४ मार्च (सी हे तिसरं अक्षर, म्हणून तिसरा महिना). ब्लॉकची तारीख गाडीच्या तारखेनंतरची निघाली, तर इंजिन मागाहून आलंय.

मालकाला विचारायचा माझा आवडता प्रश्न म्हणजे, ‘एकच का बनली?’ खऱ्या गाडीला याचं धड उत्तर असतं. १९३८ची फँटम कोर्सेर एकच राहिली, कारण ती घडवणारा रस्ट हाइन्झ १९३९मध्ये अपघातात गेला आणि पुढच्या गाड्या झाल्याच नाहीत. पण तिची चॅसी कॉर्ड ८१० या दुसऱ्याच अमेरिकन गाडीची. म्हणजे वरून एकमेव असलेली गाडी आतून बहुतेक वेळा कुणाची तरी बहीण असते. ती बहीण कोण ते आधी शोधा. सुटे भाग तिच्याच घरून येणार आहेत.

बोल्टला पाना लावण्यापूर्वी आटे मोजा. जुन्या ब्रिटिश मॉरिस गाड्यांच्या इंजिनांत आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. पाना बसला म्हणून दुसरा व्हिटवर्थ बोल्ट घुसवलात, तर ब्लॉकचे आटे गेलेच समजा.

आणि बरीच वर्षं उभी असलेली गाडी कुणी कितीही आग्रह केला तरी लगेच सुरू करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. इंजिन फिरवायचं ते दुसऱ्या दिवशी, प्लग बाहेरच ठेवून, गाडीच्या पुढून घालायच्या हँडलनं, हळू. अंगठा हँडलला विळखा घालून नव्हे, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आजच ही सवय लावून घ्या, कारण पुढे प्लग बसवून सुरू करताना हँडल उलट फिरलं तर अंगठा मोडतो. मालक म्हणतोच, ‘एकदा आवाज तरी ऐका!’ मी बोनेट हळूच खाली घेतो आणि उद्या किती वाजता येऊ ते विचारतो.