देखाव्यातला अंतराळवीर: कुठला सूट शिवायचा?

"मामा, अंतराळवीर पायजे, चंदेरी!" गणपती जवळ आले की मंडळाची पोरं शहापुरातल्या माझ्या दुकानात येतात. मी उलट विचारतो, तुमचा माणूस यानात बसलाय, बाहेर तरंगतोय की मंगळावर चालतोय?

यानातल्याला अंगासरशी बसणारा नारिंगी सूट शिवा. (नारिंगीच. भगवा घेतलात तर बेळगावात चर्चा दुसरीकडंच जाईल.) समुद्रात उतरला तर लांबून दिसावा म्हणून तो रंग. यानातली हवा गळाली तरच हा फुगतो. 1971 साली सोयूझ 11 या सोव्हिएत यानातले तिघं सूटाविना परतत होते, हवा निसटली आणि तिघंही गेले. तेव्हा एकांकिकेत उड्डाणाला नि परतीला सूट अंगावर हवाच.

बाहेरच्याचा पांढरा, ऊन परतवणारा. खरी मेहनत इथं. अमेरिकन सूटात शुद्ध ऑक्सिजन असतो, पण दाब आपल्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. जास्त भरला तर हात वाकणार नाही. 1965 मध्ये यानाबाहेर पडलेल्या सोव्हिएत अंतराळवीर लिओनॉव्हचा सूट असा टम्म फुगला की यानात शिरता येईना, थोडी हवा सोडून आत यावं लागलं. म्हणून कोपराला, गुडघ्याला रेक्झिनखाली बोटभर रुंद फोमच्या पट्ट्या आडव्या ठेवा आणि दोन पट्ट्यांच्या मधून टीप मारा. सांधा वाकतो, दिसायलाही खरा. टीप सरळ हवी. चंद्रावर गेलेले सूट बायकांनी मशीनवर शिवले होते, आणि टीप इंचाच्या बत्तिसाव्या भागाहून ढळलेली चालत नव्हती.

एकांकिका लिहिणाऱ्यांनो, नायकानं सूट चढवला की लगेच बाहेर उडी मारायला लावू नका. कमी दाबात रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून आधी बराच वेळ नुसता ऑक्सिजन ओढावा लागतो. तुमचं भांडण त्या बंद दाराआड लावा की!

मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी, म्हणजे सूट फुगीरच. पण तिथं वजन थोडं तरी असतं आणि चालायचं असतं, म्हणून कंबर नि घोटा मोकळा ठेवा. गुडघ्यापर्यंत खानापूरकडची तांबडी माती चोळा.

हेल्मेटच्या काचेला सोनेरी फिल्म लावा आणि मागून भोकं पाडा, आत पोरगं तासन्‌तास उभं असतं. मापं द्यायला श्रावण लागल्या लागल्या या. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आलात तर चंदेरी झब्बा मिळेल.