सातपुड्याच्या ओढ्यात फ्लायने झोऱ्या कसा धरावा

ट्राउट या माशाला बारमाही थंड पाणी लागते, त्यामुळे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या खानदेशात तो मिळणार नाही; मात्र त्याच्यासाठी वापरली जाणारी फ्लायची, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याची, पद्धत सातपुड्याच्या ओढ्यांतील झोऱ्यालाही लागू पडते, कारण हा वीतभर लांबीचा, अंगावर निळसर उभे पट्टे असलेला मासाही वाहत्या पाण्यात राहतो आणि वरून पडलेले किडे टिपतो.

रावेर-यावल भागात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गोट्यांच्या थरात पाणी मुरते, म्हणून पुलावरून कोरडा दिसणारा ओढा वरच्या अंगाला वाहता असू शकतो. यावल अभयारण्यात मासे धरू नयेत. त्याबाहेरही वनखात्याला आणि जवळच्या पाड्यावर विचारूनच पाण्यात उतरावे, कारण तेथील पावरा व तडवी कुटुंबांचा या माशांवर पहिला हक्क आहे, असे मी मानतो.

पावसाळा हा विणीचा काळ असल्याने पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरपासून सुरुवात करावी. सात फुटांचा हलका रॉड आणि तीन नंबरची लाइन (गळाची दोरी) पुरते. येथे शिसे लावत नाहीत, लाइनच्या वजनानेच फ्लाय पुढे जाते. १८ नंबरच्या गळावर काळ्या दोऱ्याचे वेढे देऊन कोंबड्याच्या मानेचे लहानसे पीस गुंडाळले की मुंगीसारखी फ्लाय तयार होते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा.

निम्मे यश पाण्याजवळ कसे जावे यावर ठरते. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, वाकून, आपली सावली डोहावर पडू न देता वर सरकावे आणि खळाळ जेथे डोहाला मिळतो तेथून दोन हात वर फ्लाय अलगद टाकावी. लाइन ताणली गेली की फ्लायमागे पाण्यावर बारीक रेघ उमटते, आणि ती दिसताच झोऱ्या पाठ फिरवतो. त्यामुळे रॉडचे टोक उंच धरून, सुटलेली लाइन हाताने गोळा करत, फ्लाय पानासारखी आपोआप वाहू द्यावी. पाण्यावर टिचकी उमटली की मनगट किंचित उचलावे. जोरात हिसका दिल्यास त्याचे नाजूक तोंड फाटते.

सोडायचा मासा ओल्या हातानेच धरावा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. मार्चनंतर ओढा तुटून डबकी उरली की गळ टाकणे थांबवावे, कारण पुढच्या पावसात विणीला येणारे मासे त्याच डबक्यांत तग धरून असतात.