जुन्या ट्रॅक्टरचा क्लच आणि ओढीची तयारी

कळमेश्वरजवळच्या आमच्या शेतातला, वडिलांनी १९७४ मध्ये घेतलेला ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर ओढस्पर्धेसाठी तयार करताना मला एकाच दोषाने महिनाभर अडवले. मागच्या टायरांत वॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवून तीन-चतुर्थांश पाणी भरले, पुढे वजनेही लावली. तरी भरलेली ट्रॉली ओढताना इंजिन नुसते गरजे, चाके मात्र मंदावत आणि जळका वास येई.

अनेकांनी पंपाचे डिझेल वाढवायला सांगितले, पण ताकद चाकांपर्यंत पोहोचतच नसेल तर ती वाढवून काय उपयोग? इंजिनची ताकद गिअरकडे पोहोचवणाऱ्या क्लचच्या आवरणाच्या, म्हणजे हाउसिंगच्या, तळाच्या छिद्रातली कॉटर पिन बोटाने पुसली, तेव्हा काळे, चिकट तेल हाताला लागले. नागपूरच्या मिस्त्रींसह ट्रॅक्टर मधोमध उघडल्यावर क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे तेल अडवणारे ऑइल सील कडक होऊन चिरलेले, क्लचप्लेट तेलाने माखलेली आणि ती ज्यावर दाबून बसते त्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, तापून निळसर डाग पडलेले दिसले. तेल मुरलेली प्लेट पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवणे मला मुळीच पटत नाही. म्हणून सील व प्लेट नवी घातली, फ्लायव्हील लेथवर घासून घेतले आणि पेडलला पुस्तिकेप्रमाणे मोकळी चाल ठेवली.

पुढची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून साखळी मागच्या वरच्या जोडदांड्याऐवजी (टॉपलिंक) खालच्या ओढपट्टीला (ड्रॉबार) जोडली. आता काळ्या मातीतही ओढ अखंड लागते. वडिलांच्या हातचा जुना रंग मात्र मी तसाच राखला आहे.