गुलमर्गचा हवामान अंदाज नागपुरात बसून वाचताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की ओळखीच्यांचे स्क्रीनशॉट यायला सुरुवात होते. "गुलमर्ग, उणे चार, बर्फाचं चिन्ह दिसतंय. तिकिटं काढू का?" नागपूरहून दिल्ली, तिथून श्रीनगर, मग टॅक्सी, हॉटेल, स्कीचं भाडं, इन्स्ट्रक्टर. चौघांच्या घराला हा खर्च लहान नाही. एवढं करून तिथे वाळलेल्या गवताचे उतार बघायला मिळाले की जीव हळहळतो. जानेवारी २०२४ मध्ये आमच्यावर ती वेळ आली. फोनवर दहा दिवस आधीपासून बर्फाचा ढग दिसत होता, म्हणून निघालो. प्रत्यक्षात त्या वर्षी जानेवारीचा बराचसा भाग गुलमर्गला कोरडा गेला आणि बर्फ महिन्याच्या अखेरीस आला. तेव्हापासून मी अंदाज नीट वाचायला शिकलो.

श्रीनगरचा आकडा गुलमर्गला लावणे

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सीताबर्डी ते हिंगणा, उंचीत सांगण्यासारखा फरक नाही, त्यामुळे एका गावाला एकच तापमान ही आपली सवय. डोंगरात ती चालत नाही. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आहे, गुलमर्ग २,६५० च्या आसपास, आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा आपल्याला वरच्या अफरवत डोंगरावर जवळपास ३,९५० मीटरला नेऊन सोडतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. श्रीनगरला ४ अंश आणि पाऊस असेल, तर त्याच वेळी गुलमर्गला उणे ३ च्या जवळपास आणि अफरवतवर उणे ११ असू शकतं. म्हणजे श्रीनगरचा पाऊस बघून सहल रद्द करायची नाही. बहुतेक वेळा वर बर्फ पडत असतो.

अ‍ॅपमध्ये गावाच्या नावाजवळ उंची दिली आहे का, ते आधी बघा. नसेल तर तो आकडा कुठला, हेच कळत नाही. डोंगरासाठीच्या अंदाजात 'शून्य अंशाची पातळी', म्हणजे तापमान शून्यावर येतं ती उंची, मीटरमध्ये दिलेली असते, ती जास्त कामाची. बर्फ साधारणपणे त्या पातळीच्याही दोन-तीनशे मीटर खालपर्यंत टिकतो. पातळी २,५०० असेल तर गुलमर्गच्या मैदानात बर्फ पडेल. ३,३०० असेल तर खाली पाऊस आणि वर बर्फ. खालचा हा पाऊस रात्री गोठला की सकाळी शिकाऊंच्या उतारावर काच पसरल्यासारखं होतं.

दहाव्या दिवसाचा ढग खरा मानणे

काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी प्रणालींमुळे. हे आपल्याला अगदीच परकं नाही. असाच एखादा विक्षोभ जोरकस असला आणि त्याला समुद्रावरून आलेल्या बाष्पाची साथ मिळाली, की फेब्रुवारी-मार्चमध्ये काटोल-नरखेडच्या संत्र्यांवर गारा पडतात. गारपीट नेमकी कुठल्या शिवारात होणार हे आठवडाभर आधी कोणी सांगू शकत नाही, तसंच हेही. सात-दहा दिवसांच्या अंदाजातून एवढंच घ्या की काहीतरी येण्याची शक्यता आहे. किती पडेल, कधी पडेल, हे शेवटच्या तीन दिवसांतच विश्वासानं वाचता येतं.

२१ डिसेंबरला चिल्लई कलान हा काश्मीरचा सगळ्यात थंड काळ सुरू होतो, पुढचे ४० दिवस कडाक्याची थंडी, म्हणजे बर्फ ठरलेलाच, असंही धरू नका. थंडी आणि बर्फ या वेगळ्या गोष्टी आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. माझं स्पष्ट मत: तारखा बदलता येतील अशीच तिकिटं आणि हॉटेल घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी.

मिलिमीटर आणि सेंटिमीटरची गल्लत

"फक्त १० मिमी? मग कशाला जायचं?" असं एकानं मला विचारलं होतं. ते १० मिलिमीटर म्हणजे पाणी. त्याचा बर्फ साधारण १० सेंटिमीटर होतो. हवा फार थंड आणि कोरडी असेल तर १५ किंवा जास्त, ओलसर असेल तर ५ सुद्धा. शिवाय 'नवा बर्फ' आणि 'साचलेला बर्फ' हे वेगवेगळे रकाने असतात. स्की करायला दोन्ही बघावे लागतात.

प्रत्यक्ष उतारावरची परीक्षा मला तिथल्या इन्स्ट्रक्टरनं दाखवली. त्यानं हातमोज्यात मूठभर बर्फ घेतला, दाबला आणि मूठ उघडली. बर्फ रव्यासारखा बोटांतून निसटून गेला. "ये पावडर है." दुपारी खाली तोच प्रयोग केला तर घट्ट गोळा झाला आणि हातमोजा ओला. अशा बर्फात स्की अडकते आणि गुडघा पिळवटतो.

वारा न बघणे

उणे १० तापमानात ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २० सारखं लागतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, त्या थंडीचा अनुभव इथे पुरत नाही. जोराच्या वाऱ्यात गोंडोला बंद ठेवतात, आकाश निळं असलं तरी. म्हणून वरच्या टप्प्यासाठी एकच दिवस राखून ठेवू नका.

आणखी एक: आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. नाहीतर फोनवर नागपुरात उघडलेला तीन दिवसांपूर्वीचा अंदाज तसाच दिसत राहतो आणि माणूस तो आजचा समजून निघतो.

ऊन पडलं म्हणजे धोका टळला असं समजणे

इथे मी हात जोडून सांगतो. मोठ्या हिमवृष्टीनंतर लख्ख ऊन पडतं, ताजा बर्फ चमकतो आणि सगळ्यांना वर जायची घाई होते. पण नवा बर्फ जुन्या थरावर अजून बसलेला नसतो. पहिले एक-दोन दिवस हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त असतो, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वेळा गुलमर्गच्या वरच्या भागात परदेशी स्कीअर्सचे जीव गेले. हिमस्खलनाच्या इशाऱ्यात जिल्हा आणि उंची दोन्ही दिलेलं असतं. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. धोक्याच्या पातळ्या १ ते ५ असतात, आणि ३ म्हणजे 'मध्यम, चालेल' असा अर्थ काढू नका. ३ म्हणजे धोका चांगलाच आहे. अशा दिवशी दोरी लावलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकू नका, सोबतचा कितीही अनुभवी असला तरी.

दिवसाची वेळ विसरणे

फेब्रुवारी सरता सरता बर्फ रात्री गोठतो आणि दुपारी पाघळतो. सकाळी तो इतका कडक असतो की स्कीच्या कडा खरखर वाजतात; तीननंतर तो जड होतो. मधले दोन-अडीच तास शिकणाऱ्याला सगळ्यात सोपे. म्हणून मुलांची पहिली शिकवणी आठला लावू नका, साडेदहाला लावा.