पाचशे रुपयांत पोकेमॉनचा पाण्याचा डेक

कृष्णाकाठच्या सांगलीत राहून पोकेमॉन या कार्डांच्या खेळाचा डेक, म्हणजे खेळायचा कार्डसंच, बांधायचा, तर विषय म्हणून पाणी निवडणे मला स्वाभाविक वाटले. मात्र विषय कोणताही असो, खरेदीपूर्वी वही घेऊन यादी करावी. डेकमध्ये बरोबर 60 कार्डे लागतात आणि बेसिक एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारी साधी ऊर्जा-कार्डे) वगळता एकाच नावाची 4 पेक्षा अधिक कार्डे चालत नाहीत.

बंद पाकिटात काय निघेल हा नशिबाचा भाग असल्याने, 500 रुपयांच्या मर्यादेत सुटी कार्डेच घ्यावीत. सुरुवातीला साधारण 16 पोकेमॉन (लढणारी कार्डे), 32 ट्रेनर (मदतीची कार्डे) आणि 12 वॉटर एनर्जी अशी वाटणी ठेवावी. नवखा खेळाडू बहुतेक पैसे चकाकत्या पोकेमॉनवर घालवतो. वास्तविक, हातात नवी कार्डे आणून देणारे ट्रेनरच डेक चालवतात आणि तुलनेने स्वस्तही मिळतात. एकातून दुसरा विकसित होणाऱ्या पोकेमॉनची मुख्य साखळी एकच असावी, उदाहरणार्थ मॅजिकार्प 4 आणि ग्यारडॉस 3.

गणेशोत्सवात एका स्टॉलवर मी घेतलेले पाकीट बनावट निघाले. अस्सल कार्डाच्या कडेत, पांढऱ्या थरांच्या मधोमध, केसाएवढी काळी रेघ दिसते. ती त्यात नव्हती.

महागडे कार्ड घेण्याआधी खेळायच्या पत्त्यांतील एका जुन्या पानावर त्या कार्डाचे नाव व मजकूर लिहिलेली चिठ्ठी चिकटवून घरीच दहा डाव खेळावेत. पहिल्या 7 कार्डांत बेसिक पोकेमॉन (मॅजिकार्पसारखा थेट मांडता येणारा) नसल्यास हात दाखवून पुन्हा पिसावे लागते. असे वारंवार घडल्यास एखादा ट्रेनर काढून आणखी एक बेसिक पोकेमॉन घालावा.